कागदातली जीप

पंचाक्षरी सकाळपासून नुसता मिरवत होता, तेही दुसऱ्याच्या गाडीच्या जिवावर. अक्कलकोटहून आलेल्या व्याह्यांचा हात धरून त्यानं चारचौघांत तीनदा सांगितलं, "महांतप्पा, नऊ लाखाची गाडी हाय आमच्या वैनीची. रथच म्हणा. मखमली आसन, वर फिरती छत्री, दोन्ही अंगाला पितळी दिवे. तुमचा जावई राजावानी मारुतीला जातो का न्हाय बघा."

परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीला जायची मिरवणूक, निघायची वेळ झाली होती. हलग्या शेकून वाजू लागल्या होत्या. नवरदेव शिवराज फेट्याचा तुरा सावरत मांडवाच्या तोंडाशी उभा होता. आरतीचं ताट धरलेल्या बायकांचे हात अवघडले होते.

मग गाडी आली.

जीप होती ती. नुसती जीप. आसन नाही, छत्री नाही, दिवे नाहीत. मागं उघडा पत्रा आणि त्यात बोल्ट काढलेली भोकं. चालवायला ईरण्णा. शेजारी त्याची आई, पंचाक्षरीची चुलत भावजय नागव्वा, हिरवं इरकल नेसून, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसलेली.

हलगी थांबली.

"वैनी, हे काय? रथ कुठाय?"

"कंचा रथ?" नागव्वा सावकाश खाली उतरली. "गेल्या साली वरातीत फटाका पडला. आसन जळालं, छत्री जळाली. कंपनीचा माणूस आला, त्यानं कागद बघितला आन् म्हणला, मावशी, ह्यात नुसती जुनी जीप लिहिलीय, जळालेलं सामान कुठंच न्हाय. कागद कुणी भरला व्हता, भावजी?"

गावातले विम्याचे सगळे कागद पंचाक्षरीच भरायचा. तो व्याह्यांकडं बघून हसला. "घरातलं बोलणं हाय. नंतर बसू निवांत."

"नंतरच म्हणताय तीन महिने झाले. माझ्या पाटल्या मोडून पोरानं रथ पुन्यांदा उभा केला. आरसी बुकात बदल चढवला. पावत्या आणून तुमच्या हातात दिल्या. औंदा तरी खरी किंमत लिहा म्हणून तीनदा तुमच्या दारात आले. काय म्हणलात? 'वैनी, थर्माकोल आन् चमकीचं काय लिहायचं?'"

"थर्माकोल?" महांतप्पांनी विचारलं.

कुणीतरी फस्सकन हसलं. दोन-चार जणांनी फोन वर धरले.

"तसं न्हवं, गमतीनं बोललो असंल."

"म्या बी लई इचार केला," नागव्वा म्हणाली. "म्हणलं, भावजी शिकलेले हायत, खोटं कसं लिहितील? कागदात जेवढी हाय तेवढी गाडी न्यावी. पहाटेपास्नं बोल्ट काढतोय आमी."

पंचाक्षरी तिच्याजवळ सरकला. आवाज खाली आला. "वैनी, पाया पडतो. माणसं बघतायत. सामान मागवा, अर्ध्या तासात बसंल. लग्न उरकलं की आधी तुमचंच लिहितो."

नागव्वानं पिशवीतून कोरा अर्ज काढला आणि बॉनेटवर पसरला. तिला वाचता येत नव्हतं. पण जादा सामानाचा रकाना कुठला, ते तिनं बोट ठेवून बरोबर दाखवलं.

"हितं. आत्ता. आन् मोठ्यानं बोलत लिहा, मला अक्षर कळत न्हाय."

तो लिहू लागला. आसन. छत्री. दिवे. लाकडी मोर. प्रत्येकापुढं किंमत. आवाज बारीक झाला की नागव्वा कानाला हात लावायची, मग त्याला तेच परत म्हणावं लागायचं. बॉनेट इंजिनानं तापलेलं होतं. त्याची करंगळी पोळत होती, पण हात उचलायची सोय नव्हती. शेवटी त्यानं जीपसकट सगळी बेरीज सांगितली, नऊ लाख वीस हजार, आणि खाली सही केली.

"झालं, वैनी. आता सामान मागवा."

"पास कधी व्हायचा ह्यो?"

"कंपनीचा माणूस गाडी बघून जाईल. आठ दिवस तरी लागतेत."

"तो बघायला येईल तवा सगळं बसलेलं असंल." तिनं अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली. "आज न्हाय. विमा नसलेली वस्तू फटाक्यांत न्यायची खोड मोडलीय माझी."

महांतप्पा मिशीआडून हसत होते.

नागव्वानं पिशवीतून आणखी एक इरकल काढलं, नवीन, घडी न मोडलेलं. आहेराचं होतं. ते तिनं मागच्या पत्र्यावर अंथरलं, चारी कोपरे हातानं सारखे केले.

"ये, शिवराज. बस लेकरा."

शिवराजनं एकदा बापाकडं बघितलं. मग वाकून तिच्या पाया पडला आणि वर चढला. तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. हलगी पुन्हा वाजू लागली. ईरण्णानं गिअर टाकला.

पंचाक्षरीनं घाईनं धोतराचा सोगा धरला, पोराशेजारी बसायला एक पाय वर टाकला. नागव्वानं आपला हात आडवा धरला.

"तुमी चालत या, भावजी. पोराकडं बघून चाकं तेवढी ठिवलीत."