ओठ लागलाच नाही

"हात मागे घ्या, साहेब," सूत्रसंचालक म्हणाला, आणि निवृत्त न्यायाधीशांनी अत्यंत तुच्छतेने हात मागे घेतले.

समोर लांबलचक टेबल, त्यावर पीठ पसरलेलं, पिठात एक कच्चं अंडं. ते नाकाने ढकलत पलीकडच्या टोकाला न्यायचं होतं. तिथे तोंडात लाकडी पळी धरून त्यांची बायको उभी होती.

हे माकडचाळे ती रोज संध्याकाळी टीव्हीवर बघायची आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. धडधाकट माणसं चिखलात लोळतात, डोक्यावर टोपली घालून पळतात, बघणारे टाळ्या पिटतात. असल्या लोकांना मतदानाचा हक्क दिला कुणी, असं म्हणून साहेब टीव्ही बंद करायचे. घरात त्यांचा शब्द शेवटचा. टीव्हीच्या बाबतीतही आणि लेकीच्या लग्नाच्या बाबतीतही. या वेळी मात्र बायकोने परस्पर दोघांची नावं कळवून टाकली, आणि पाहुण्यांदेखत फोन आला तेव्हा नाही म्हणायची पंचाईत झाली. साहेबांनी मनाशी ठरवलं होतं: अंडं चार बोटं हलवायचं, हरायचं, अब्रूनिशी घरी जायचं.

शिट्टी वाजली. शेजारच्या टेबलावर गाद्या विकणारा एक जाडा गडी अंड्यावर असा तुटून पडला, की प्रेक्षकांत खसखस पिकली. साहेबांना त्याची कीव आली. त्यांनी वाकून अंड्याला नाक लावलं. जन्मभर नाकाने कांदे सोललेल्या माणसाला अंडं काय जड! ते सरळ रेषेत गेलं. गादीवाल्याचं वाकडंतिकडं जात होतं, तरी तो वीतभर पुढे होता. हा गाढव आपल्यापुढे? साहेबांनी श्वास रोखला आणि मान खाली घातली. मग त्यांना ना दिवे दिसले, ना माणसं. फक्त अंडं.

"बाद!" विदूषकाची टोपी घातलेला पंच ओरडला. "ओठ लागला!"

साहेब ताठ झाले. नाकाचा शेंडा पिठाने पांढराफटक.

"ओठ लागलाच नाही."

"लागला, काका. मी पाहिलं."

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"हा काय, इथेच."

"म्हणजे माझ्या पाठीमागे. पाठीमागून माणसाचा ओठ दिसतो?"

सभागृहात हशा उसळला. साहेब गर्रकन वळले. "शांतता राखा!" त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचेच बाकी राहिले. हसतात काय हे मूर्ख? इथे धडधडीत अन्याय होतोय आणि एकालाही त्याची चाड नाही! साऱ्या आयुष्यात कुणी त्यांचं म्हणणं असं झिडकारलं नव्हतं.

"आधी ती टोपी काढा," ते पंचावर कडाडले, "आणि कुठल्या नियमाखाली बाद, ते सांगा."

"साहेब," सूत्रसंचालक हसू दाबत म्हणाला, "पंचांचा निर्णय शेवटचा."

"शेवटचा म्हणजे? माझं ऐकून न घेता? अपील कुठे करायचं?"

प्रेक्षक पोट धरून हसत होते. गादीवाला तर टेबलावर आडवाच झाला. साहेबांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. तीही डोळे पुसत हसत होती. सूत्रसंचालकाने माइक तिच्यापुढे धरला तशी तिने तोंडातली पळी काढली.

"मलाही कधी सापडलं नाही हो," ती म्हणाली, "आपल्या घरात अपील कुठे करायचं ते."

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा या वाक्याला मिळाला. ती मात्र आता हसत नव्हती.