तापलेला फोन

भांडण मिटवायची बैठक रूपालीच्या सासरी बसली होती, त्यामुळं चहा करायला तिलाच आत जावं लागलं. जाताना रेकॉर्डिंग चालू करून तिनं फोन वडलांच्या मांडीशी ठेवला आणि हळूच सांगितलं, "अण्णा, ह्याला हात लावू नका."

बाहेर तिचा नवरा चारचौघांत म्हणाला, "हाणलंय तिला. परत हाणीन." चहा गाळताना ते ऐकून तिला धीरच आला.

शेवटी, झालं गेलं विसरून तिनं नांदायला यावं, असं ठरलं. पहिली मान अण्णांनी हलवली.

केजला माहेरी परतताना जीपमध्ये तिनं फोन उघडला. रेकॉर्डिंग कुठंच नव्हतं.

"लई तापलता गं," अण्णा म्हणाले. "मागं काय काय चालू व्हतं, समदं बंद केलं. तूच सांगत असतीस की."

केज जवळ आलं तसा अण्णांचा फोन अडकला. सवयीनं त्यांनी तो तिच्यापुढं धरला.

"मागचं बंद करून दे बरं. मला न्हाई जमत त्ये."

रूपालीनं मान वर केली, तोवर अण्णांनी तोंड खिडकीकडं फिरवलं होतं.