शुक्रवारचं इंजेक्शन

"वाचा बघू," मीराबाई म्हणाल्या.

राजारामने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे निळ्या काठाची, धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती. म्हणजे असणार. त्याला दिसत होता एक पांढरट चौकोन आणि त्यावर डाव्या डोळ्यातला काळा डाग. त्याने पहिली प्रतिज्ञा खणखणीत आवाजात म्हटली, मग दुसरी, तिसरी.

"बरोबर," म्हणत मीराबाईंनी पोटाला सुई टोचली.

डोळे तपासायची ही युक्ती त्यांचीच. बाई पस्तीस वर्षं म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्स होत्या, पण युक्ती अगदीच भोळी. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या माणसाला त्या प्रतिज्ञा वाचाव्या लागतात होय? झोपेतून उठवून विचारा!

राजारामच्या लिव्हरमध्ये जुनी कावीळ मुक्काम ठोकून बसली होती, बी प्रकारची. तिच्यासाठी दर शुक्रवारी एक इंजेक्शन, अठ्ठेचाळीस आठवडे. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "हे औषध कधी कधी डोळ्यांच्या पडद्याला त्रास देतं. धूसर दिसलं, डाग दिसले, की लगेच सांगायचं. इंजेक्शन बंद करावं लागेल."

इंजेक्शन बंद म्हणजे शुक्रवार बंद. तेच तर राजारामला नको होतं. लिव्हर गेलं खड्ड्यात.

चाळ पाडून टॉवर झाला आणि त्याला सतराव्या मजल्यावर घर मिळालं. संडास घरात, लिफ्ट दारात, सगळं झकास. पण दारं कायम बंद. चाळीत निदान साखर मागायला तरी कोणी यायचं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरबाळ नाही. आठवड्यात त्याची बेल एकदाच वाजायची, शुक्रवारी पाचला. चौथ्या मजल्यावरून मीराबाई यायच्या. इंजेक्शनं त्यांच्याच फ्रीजमध्ये असायची, कारण याच्या फ्रीजचा भरवसा नव्हता. काम दहा मिनिटांचं. पण मग चहा व्हायचा, चाळीतल्या गप्पा निघायच्या, भांडणंसुद्धा आठवायची, आणि सात वाजायचे.

"घरी जाऊन तरी काय करायचंय?" त्या म्हणायच्या आणि दुसरा कप पुढे करायच्या. त्यांची मुलगी बंगलोरला होती, फोन करायची अधूनमधून.

एकटेपणा राजारामला खायला उठायचा. शुक्रवारी तेवढा नाही.

ऑगस्टमध्ये तसबिरीची काच तडकली. मीराबाई ती घेऊन गेल्या, पुढच्या शुक्रवारी पेपरात गुंडाळून आणली आणि स्वतःच खिळ्याला टांगली.

"वाचा बघू."

त्याने वाचली. म्हणजे म्हटली.

मीराबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. मग "बरोबर" म्हणाल्या आणि इंजेक्शन न देताच बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या.

"आजचं राहू दे, उद्या देते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना एक विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी त्या इंजेक्शनसोबत गोळ्यांची डबीही घेऊन आल्या. "डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिलीय. जेवणानंतर. चुकवायची नाही हां, भाऊ."

गोळीचा गुण की आणखी काय, पण राजारामचं नशीब फिरलं. इंजेक्शननंतर रात्रभर ताप यायचा, हुडहुडी भरायची, ते थांबलं. अंगाला सवय झाली असणार. दीड-दोन महिन्यांत डोळ्यातला डागही विरत गेला. राजाराम स्वतःवरच खूश. तोंड बंद ठेवलं म्हणून निभावलं! सांगून बसलो असतो तर?

एका शुक्रवारी सकाळी त्याला खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली, अक्षर न् अक्षर.

पाचला बेल वाजली.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम, सिस्टर. या, या."

मीराबाई टेबलावर पिशवी ठेवून हात धुवायला गेल्या. पिशवीतून प्लास्टिकची एक छोटी बाटली घरंगळली. खाली पडू नये म्हणून राजारामने धरली. वर लिहिलं होतं, नॉर्मल सलाईन.

साधं मिठाचं पाणी.

त्याने पिशवी चाचपून पाहिली. दुसरं औषध नव्हतं. म्हणजे औषध ती रोजची गोळीच. त्याने बाटली होती तशी परत ठेवली आणि खुर्चीत येऊन बसला.

मीराबाईंनी त्याच्याकडे पाठ करून सुई भरली.

"डोळ्यांना नीट दिसतंय ना?"

"एकदम."

"मग वाचा बघू."

राजारामने भिंतीकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी खरोखर पाहिलं. निळा काठ तोच होता. पण ऑगस्टमध्ये बसवलेल्या नव्या काचेमागे बावीस प्रतिज्ञा नव्हत्या. तिथे ठळक अक्षरांत पंचशील होतं.

मीराबाई सुई घेऊन थांबल्या होत्या. स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं.

राजारामने सदरा वर केला आणि खणखणीत आवाजात पहिली प्रतिज्ञा म्हणायला सुरुवात केली.