वीस पावलं दूर

"वीस पावलं मागं. आवाज नाही," बायाबाईनं खोपडीच्या दारात काठी आडवी धरली.

पहाटे नहराच्या पाण्यात पडलेलं चितळ तिनं आणि नवऱ्यानं, इतवारीनं, मासोळीच्या जाळ्यानं वर काढलं होतं. इतवारी मग आसगावच्या बाजाराला गेला, असं ती म्हणाली.

आता दारापुढं अर्धं गाव मोबाईल धरून उभं. वनरक्षक भुपेंद्र पिंजऱ्याची गाडी घेऊन आला होता. चितळ दूरच्या जंगलात नेऊन सोडायचा हुकूम होता.

"मावशी, सरकारी काम हाय."

"मागच्या साली नेलं ते कुठं हाय?"

ते चितळ भुपेंद्रनंच धरलं होतं, गावभर पळवून. अंगावर ओरखडा नव्हता. तिसऱ्या दिवशी पाय ताठले आणि ते मेलं. डॉक्टर म्हणाले, भीतीनं आतल्या आत मांसच तुटलं.

"आमचं गाव धरणात गेलं तवा सासऱ्याले असंच उचलून गाडीत टाकलं," बायाबाई म्हणाली. "नव्या घरात चौथा दिवस नाही पाह्यला त्यानं. कोणता रोग होता, सांग."

भुपेंद्रनं कुडाच्या फटीतून डोकावलं. अंधारात कुणावर तरी पांघरलेलं तिचं जुनं लुगडं धाप लागल्यागत खालीवर होत होतं.

"डोळे झाकले का भेव निजते," ती हळू म्हणाली.

आतून खोकल्याचा आवाज आला.

"खोकून राहिलं?"

"नहराचं पाणी गेलं नाकात. तू नाही खोकत?"

साहेबांचा फोन आला. "उचल आणि निघ लवकर."

भुपेंद्रनं गर्दीकडं पाहिलं. चितळ दिसलं की ही पोरं पाठी लागणारच.

"नाही जी साहेब. धाप बसल्याबिगर हात नाही लावत मी. सस्पेंड करा पाहिजे तं."

फोन बंद करून तो बायाबाईच्या शेजारी दारात बसला. कोणी बोललं की त्याच्याकडं नुसता पाहायचा. उन्हं कलली. गाव कंटाळून पांगलं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला.

"आता पाहू दे, मावशी."

बायाबाईनं काठी बाजूला केली.

तो दबक्या पावलांनी आत शिरला. मागच्या कुडाची ताटी सुटलेली होती. तिथून खुरांचे ठसे तळ्याच्या पाळीवरून रानाकडं गेले होते, केव्हाच वाळलेले. त्यानं लुगडं उचललं.

"गेले का सारे?" इतवारीनं विचारलं, आणि मग पोटभर खोकून घेतलं.