दगडूसाठी, द्रुत लयीत

शेवटचा ठोका पडला.

व्यायामशाळेच्या फरशीवर बेंजो पार्टी बसली होती. मधोमध मांडीवर पट्ट्या दाबून वाजवायचा बेंजो घेतलेले धोंडूकाका, भोवती ताशे, ढोल, एक खुळखुळा. सगळ्यांचे डोळे भिंतीला टेकलेल्या दीपकवर होते. त्याचेच गाणे त्यांनी त्याला आत्ता नाचायच्या लयीत वाजवून दाखवले होते. रविवारी लालबागच्या रस्त्यातून गणपतीचे आगमन. त्या मिरवणुकीत ते वाजवायचे की नाही, हे त्याने सांगायचे होते.

“दीप्या, बोल ना काहीतरी,” आकांक्षा म्हणाली. दीपक गिटार वाजवी त्या हार्ड रॉक बँडमध्ये ती गात असे.

चिंचपोकळीतल्या एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर, भिंतींना गाद्या बांधून, दीपकच्या बँडने दोन वर्षे एक अल्बम रेकॉर्ड केला होता. त्यातले शेवटचे गाणे दीपकने वडील गेल्यावर केले. सहा मिनिटांचे, अतिशय संथ. ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये एक माणूस मावेल इतके अंतर. अल्बम बाहेर आला तेव्हा अनोळखी लोकांनी इंटरनेटवर ‘परिपक्व’ असे लिहिले आणि ते दुसऱ्या गाण्यांकडे वळले. त्याच्या चाळीत तर गाणे लावले की अर्ध्यावरच चहाची विचारणा होई. आणि आता त्याच दुःखाच्या पायांत कुणीतरी घुंगरू बांधले होते.

“आवडलं नाय तुला,” धोंडूकाका म्हणाले.

“काका, हे गाणं बाबांवर आहे.”

“माका ठावक आसा. म्हणून तर घेतलं.”

“पण तुम्ही त्याच्यावर लोकांना नाचवणार.”

“मग काय करू? रस्त्यात आम्ही थबकलो की मागची गणपतीची ट्रॉली अंगावर येते रे झिला.”

आकांक्षाने ओठांवर आलेले हसू गिळले. दीपकने ते पाहिले, आणि वाद घालायला सोपे असे काहीतरी शोधले.

“आणि तो सूर. सोलोच्या शेवटी तुम्ही दोन पट्ट्या एकदम दाबता. कानाला टोचतो तो.”

“तुझ्या गाण्यात तसाच आहे की.”

“माझं बोट घसरलं होतं तिथे. चूक आहे ती. परत वाजवायची ताकद नव्हती, म्हणून राहिली.”

“चूक?” खुळखुळेवाला ओरडला. “काका, आठवडा घालवला ना तुम्ही आमचा! जेवताना पण तोच सूर!”

धोंडूकाकांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. बेंजोच्या पट्ट्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, जणू त्यांवरची धूळ पुसत होते.

“गिटारची तार वाकते. ह्याची वाकत नाय,” ते म्हणाले. “म्हणून दोन पट्ट्या दाबल्या. म्हटलं, पोरगा इथे रडलाय. एवढंच सोडून बाकीचं कसं वाजवायचं?”

रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी हजर असलेली आकांक्षा खाली फरशीकडे पाहू लागली.

बाहेर कुणीतरी कुणाला हाक मारत होते. दीपकने पुन्हा वाद काढला. “तरी, इतकं फास्ट…”

“तुझा बाप माझ्या उजव्या हाताला ताशा वाजवायचा,” धोंडूकाका म्हणाले. “त्याला कधी हळू वाजवताना बघितलंस? एकदा तरी? मी ओरडून ओरडून मरायचो, दगडू, मेल्या, जरा दम घे! दम घेतोय कसला. आम्ही सगळे त्याच्या मागनं धावतोय.”

ताशावाले हसले. हसता हसता एकाने डोळे पुसले आणि नाक ओढून सर्दीचे निमित्त केले.

दीपक भिंतीपासून सुटा झाला. आपल्या सहा मिनिटांत त्याने ज्याला इतक्या काळजीने निजवले होते, तो माणूस कधी एका जागी स्वस्थ बसला नव्हता.

“शेवटच्या कडव्याआधी,” तो हळूच म्हणाला, “मी एक आवर्तन रिकामं सोडलंय. तुम्ही तिथे ढोल भरता.”

“रिकामं सोडलं की नाचणारी पोरं वळून बघतात. त्यांना वाटतं जनरेटर गेला.”

“बघू देत.”

धोंडूकाकांनी मान वर केली. “म्हणजे? रविवारी वाजवायचं ना?”

दीपकने दाराशी चपला पायांत सरकवल्या आणि “वाजवा, फक्त ते एक आवर्तन रिकामं ठेवा,” म्हणत तो गल्लीत उतरला. आत एकेकाने हात उचलले आणि तसेच, न वाजवता, एक आवर्तनभर हवेत धरून ठेवले.