उलटी रंगवलेली पाटी

दंडावरचा पट्टा फुगत होता तोवर म्हाताऱ्या पेंटरने मनातल्या मनात पैजेची मिळकत मांडून टाकली. वरचा आकडा एकशे तीसच्या आत आला की शिडी परत. महिनाभर बायकोने ती जिन्याखाली साखळीने बांधून ठेवली होती. शिवाय शेजारणीने दिलेल्या पपनसांना नाक मुरडणाऱ्या या बाईला पुढची दहा वर्षं टोमणे मारता येतील, ते वरकमाईत.

यंत्र थांबलं. एकशे चार.

"दाब जरा जास्तच उतरला नाही का हो?" बायको म्हणाली.

"उतरावा म्हणूनच तर रस पितोय."

"गोळीपण घेताय की. तिला काही श्रेय?"

"गोळी दोन वर्षं घेतोय. इतके दिवस कुठे होता तिचा पराक्रम?"

असं म्हणून त्याने गोळी जिभेवर ठेवली आणि पपनसाच्या रसाबरोबर गिळली. पंधरा दिवस हाच क्रम होता. उठताना खोली अर्धा फेरा मारून जागेवर आली. त्याने दाराची चौकट धरली आणि खापर चपलेवर फोडलं.

गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचा, म्हणून बायको कधीची मागे लागली होती. तिला इतकं बारीक दिसत नव्हतं. त्याने तो खिडकीपाशी नेऊन पाहिलाही होता. "अक्षरं आहेत की चिरडलेल्या मुंग्या?" एवढं बोलून त्याने त्याच कागदाला ब्रश पुसला.

अक्षरांच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, एक वाचली नाही. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आणि पाटी दोन्ही उलटी ठेवायची, आधी उभ्या रेघा ओढायच्या, मग गोलाई. "वाचायला लागलं की हात अर्थामागे धावतो," तो सांगायचा. "अक्षर बघायचं असतं."

शिडी सुटली. त्याच सकाळी औषधाच्या दुकानात त्याने रंगवलेली नवी पाटी लावायची होती. रंग ओरखडू नये म्हणून ती कागदात गुंडाळली होती. बायको शिडी धरायला आली. ती पैज हरली होती, पण तिने विश्वास ठेवला नव्हता.

पाचव्या पायरीवर त्याने कागद फाडून खाली टाकला, पाटी खिळ्याला लावायला मान वर केली, आणि दुकान हळूच कलंडलं.

त्याला कळलं तेव्हा तो फरशीवर होता. खरं म्हणजे बायकोवर होता. ती शिडी सोडून बाजूला झाली नव्हती. पाटी कोपऱ्यात पालथी पडली होती.

औषधवाल्याने दोघांना बाकावर बसवलं. बायकोचं मनगट चुकीच्या दिशेला वळलं होतं. त्याने ते पुठ्ठ्यावर ठेवून बांधलं, गाडी बोलावली, आणि मग पेंटरचा दाब मोजला. आकडा पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काका, गोळीबरोबर आणखी काही घेता का?"

"पपनसाचा रस," पेंटर म्हणाला. अंगात जीव नव्हता, आवाजात तोरा शिल्लक होता. "त्यानेच तर उतरलाय."

औषधवाल्याने कोपऱ्यातली पाटी उचलली, बाहीने पुसली आणि समोर उभी केली. सुलटी.

पेंटरने सवयीने एक डोळा मिटला. "तिसऱ्या ओळीत अंतर जरा..."

"बघू नका. वाचा."

त्याने वाचलं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर पपनसाचा रस घेऊ नका. गोळी अंगात साठते, दाब फार उतरतो, चक्कर येते. आधी आम्हाला विचारा.

बाहेर गाडी येऊन थांबली. बायकोने बांधलेला हात छातीशी धरला आणि पाटी शेवटपर्यंत वाचली.

"अक्षर मात्र सुरेख काढलंत हो," ती म्हणाली.

पपनस शेजारणीचं होतं, गोळी डॉक्टरची, अक्षर त्याचं. मनगट तेवढं तिचं.