आधाराची फळी

गुण्या लावून थोरल्याने पाचव्यांदा पाहिलं. उभ्या आणि आडव्या फळीच्या कोपऱ्यातून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. काटकोन पक्का होता. गुण्या धरणारा हात मात्र लटलट कापत होता.

वर्षभर तो असाच कापत होता. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बायको सोडून त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. पण राउटरपुढे, म्हणजे नक्षी कापणाऱ्या मशीनपुढे, सोंग चालत नाही. टेबलाच्या भोकातून वर आलेलं पातं गरगर फिरत असतं, आणि त्यावरून लाकूड एका दमात, एकाच दाबाने सरकवावं लागतं. हात हलला की नक्षीला चावा बसलाच. तीन दारांच्या पट्ट्या अशा वाया गेल्या. "लाकडात गाठ होती," तो तिन्ही वेळा म्हणाला. धाकट्या भावाने तिन्ही वेळा मान डोलावली.

धाकटा गिऱ्हाइकं सांभाळायचा. बोलण्यात वाघ, पण साधी फळी सरळ कापायची म्हटली तरी त्याला घाम फुटायचा. कारखाना चालत होता तो थोरल्याच्या हातांवर.

म्हणून थोरल्याने टेबलासाठी नवी फेन्स करायला घेतली. फेन्स म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवायचं ती आडवी फळी. बाजारात तयार मिळत होती, पण ती धडधाकट हातांसाठी. त्याने जाड प्लायचे दोन तुकडे काटकोनात चिकटवले, मागून तिकोनी आधार दिले, मधोमध पात्यापुरती खाच कापली. मग एका पट्टीला कंगव्यासारखे दाते पाडले आणि ती अशी बसवली, की लाकूड फळीला दाबून धरण्याचं काम ती करील. वरून तशीच दुसरी. हाताने फक्त ढकलायचं. नऊ दिवस तो हेच करत होता. दोनदा मोडलं, दोनदा नव्याने केलं.

आज त्याने मशीन सुरू करून पट्टी आत सारली. हात थरथरत होता, पण पट्टी फळीपासून तसूभरही ढळली नाही. पलीकडून नक्षी निघाली ती लोण्यासारखी. त्याने ती उजेडात धरली, गालाला लावून पाहिली. तरुणपणी पहिलं कपाट केलं तेव्हाही त्याला इतका आनंद झाला नव्हता. अजून दहा वर्षं, त्याने मनात म्हटलं. दहा वर्षं सहज.

दारात धाकटा उभा होता. "दादा, मी करून बघू?"

त्याने पट्टी ढकलली. सरळसोट नक्षी निघाली. धाकटा लहान पोरासारखा हसला. "माझ्या हातून! अरे, माझ्या हातून!" मग त्याने पॉलिश करणाऱ्या मावशींना हाक मारली. त्या बिचकत आल्या. आयुष्यात त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. त्यांचीही पट्टी बिनचूक निघाली. थोरल्याचा ऊर भरून आला. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मावशी पॉलिशकडे परत गेल्या. धाकट्याने स्टूल ओढलं, थोरल्याला बसवलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"या हाताचं मला सहा महिन्यांपासून माहीत आहे, दादा."

थोरल्याने हात सोडवून घेतला नाही. सगळं कळूनही भावाने सांभाळून घेतलं होतं, चारचौघांत पाणउतारा केला नव्हता. त्याचे डोळे पाणावले. "मग बोलला का नाहीस रे?"

"बोलून करणार काय? तुला घरी बसवलं असतं तर ही फेन्स कोणी केली असती?" धाकटा प्रेमाने म्हणाला. "आता नक्षी मावशीसुद्धा काढतील. सोमवारपासून तू आराम कर."